माझी बहीण, वय तीन महिने

मुलाच्या मामांनी मला विचारलं, "पुरणपोळी येते का?" आणि त्याच वेळी भिंतीपलीकडून माझी बहीण रडायला लागली.

मी "येते" म्हणाले, पण जरा जास्तच मोठ्यानं. हौसाआत्यानं लगेच बोलणं आपल्याकडं ओढून घेतलं. आमच्या वैजूच्या हातची पोळी कशी तव्यावर टम्म फुगते, गेल्या होळीला तिनं एकटीनं तीस माणसांचा स्वयंपाक कसा केला, असं काय काय ती सांगू लागली. होळीला आमच्याकडं आम्ही तिघंच जेवायला होतो. पण कुणीतरी बोलत राहणं गरजेचं होतं, कारण पलीकडचा आवाज वाढत चालला होता.

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची, फलटणची. एका रांगेत सहा घरं होती, प्रत्येक दोन घरांत एकच भिंत. अण्णा एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होते. मी एकोणीस वर्षांची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. आई बेचाळिशीला आलेली. आणि पलीकडं रशिदाचाचीच्या घरात रडत होती ती रेवती, माझी सख्खी बहीण, तीन महिने पुरे होऊन वर चार दिवस झालेली.

माझ्यानंतर आईला दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा मूल राहिलं नव्हतं. त्यानंतर सोळा वर्षं काहीच नाही. त्यामुळं पाळी चुकायला लागली तेव्हा आईला वाटलं, आता ते वय झालं. पोट वाढायला लागलं तेव्हा वाटलं, गॅसेस आहेत. डॉक्टरीणबाईंनी तपासून पाचवा महिना सांगितला. त्यांनी आडून आडून विचारलं, वय झालंय, घरात लग्नाची मुलगी आहे, काय करायचं? आई म्हणाली, "करायचं काय? वाढवायचं." अण्णा त्या दिवशी मुकाट्यानं जेवले आणि शेजाऱ्याची सायकल, जी बिघडलेली नव्हती, ती दुरुस्त करायला बसले. डेपोत त्यांनी कुणालाच काही सांगितलं नाही.

हौसाआत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण, बारामतीला असायची. ती मुद्दाम बस पकडून आली आणि आईला म्हणाली, "लेकीचे डोहाळे पुरवायच्या वयात स्वतःचे डोहाळे, शालन?"

आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "लेकीचेही पुरवीन की, वन्सं. तुम्ही ओटीच्या साड्या दोन आणा म्हणजे झालं."

आई अशी होती. मी तशी नव्हते. कॉलेजात मुली "आईची तब्येत कशी आहे गं?" म्हणून विचारायच्या आणि एकमेकींकडं बघायच्या. मी रेवतीची लंगोट-दुपटी धुवायची, पण वाळत घालायची आतल्या खोलीत. बाहेरच्या दोरीवर कधीच नाही. घरात मात्र तिचं माझ्यावाचून चालायचं नाही. माझ्या दंडावर डोकं ठेवल्याशिवाय ती झोपायची नाही. मी अभ्यासाला बसले की तिला नेमकी भूक लागायची, आणि इंग्रजीचं पुस्तक तर तिनं दोनदा ओलं केलं. आवाज असा की डेपोतनं निघालेल्या गाडीनं बाजूला व्हावं. अण्णा इंजिनाच्या आवाजावरनं त्याचं दुखणं ओळखायचे, तसंच तिचंही ओळखायला लागले होते. "हे भुकेचं नाही, हे पोटातल्या वाऱ्याचं आहे," म्हणायचे आणि तिला खांद्यावर टाकून पाठ थोपटायचे. बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असायचं. पण हे सगळं उंबऱ्याच्या आत. उंबऱ्याबाहेर तिला ना अण्णांनी नेलं होतं, ना मी.

आणि मग आत्यानं हे स्थळ आणलं. लोणंदचे ढमाळ. मुलगा हायस्कूलला शिक्षक, नाव सुहास. वडील नव्हते. आई आणि मामा बघायला येणार होते. आत्यानं त्यांना मुलगी एकुलती एक म्हणून सांगितलं होतं. मुलीची आई नुकतीच बाळंत झालीय म्हटल्यावर कोण दारात उभं राहील, हे तिचं म्हणणं. पाहुणे येणार त्या रविवारी रेवतीला पोटभर पाजून रशिदाचाचीकडं ठेवायचं, असं ठरलं. बाहेरच्या खोलीतला पाळणा सोडून माळ्यावर टाकला. वरच्या कड्यांना आत्यानं कुंड्या लटकवल्या. आमच्या घरात त्याआधी कधी कुंडी नव्हती.

पाहुणे पाऊण तास उशिरा आले. तिथंच सगळं बिघडलं. ते दारात आल्यावर रेवतीला घाईनं पलीकडं दिलं, पण आधी पाजलेलं दूध तोवर जिरून गेलं होतं.

"कुणाचं मूल आहे हो?" मुलाच्या आईंनी विचारलं.

"शेजाऱ्यांची नात," आत्या म्हणाली. "हट्टी आहे फार."

पलीकडून रशिदाचाचीचा आवाज येत होता. ती गाणं म्हणत होती, खुळखुळा वाजवत होती, मधूनच बोंडल्यानं गाईचं पातळ दूध पाजायचा प्रयत्न करत असणार, कारण रडणं क्षणभर गुदमरायचं आणि मग दुप्पट जोरानं बाहेर यायचं. मामांनी मला पुढचा प्रश्न विचारला, तो मला ऐकूच आला नाही. मी मान हलवली. सुहास पोह्यांतले शेंगदाणे एका बाजूला करत बसला होता.

मग पलीकडचा सूर बदलला. आधीचं नुसतं चिडणं होतं. आता ती लांब, एकसारखी, श्वास तुटेपर्यंत ओढायला लागली. अण्णांनी खुर्चीतल्या खुर्चीत मान कलती केली आणि डेपोत सांगावं तसं सवयीनं सांगितलं, "भूक लागलीय तिला."

मामांच्या भुवया वर गेल्या.

"तुम्हाला कसं कळलं?" मामांनी विचारलं.

"आवाजावरनं," अण्णा म्हणाले आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. आत्या घाईनं म्हणाली की दत्तूला सगळ्या आवाजातलं कळतं, त्याचा धंदाच तो आहे. मामा हसले, पण त्यांच्या भुवया खाली आल्या नाहीत.

तेवढ्यात आई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. पाहुण्यांसमोर ट्रे खाली ठेवायचा असतो, तो ती ठेवीना. छातीशी उंच धरून उभी राहिली आणि तशीच एकेकाला कप घ्यायला सांगू लागली. मी तिला मदत करायला हात पुढं केला तेव्हा मला दिसलं. तिचा पोपटी ब्लाउज पुढून दोन्ही बाजूंनी भिजला होता, पदराच्या काठापर्यंत ओल आली होती. पलीकडं मूल रडत होतं आणि इकडं तिला पान्हा फुटत होता, आणि तो लपवायला तिच्याकडं एक स्टीलचा ट्रे होता.

तिनं माझ्याकडं बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. नुसतं बघितलं आणि मामांसमोर ट्रे वाकवला.

मी उठले.

आत्यानं विचारलं, "कुठं चाललीस?"

"तिला आणते."

"कुणाला?" हे मामांनी विचारलं. मी उत्तर न देता चपला न घालताच बाहेर पडले. ओट्यावर दोघी-तिघी मुलीचं बघणं कसं चाललंय ते बघायला बसल्याच होत्या. त्यांच्यासमोरून मी रशिदाचाचीच्या दारात गेले. चाची घामानं निथळत होती.

"घे बाई," ती म्हणाली. "तीनदा बोंडलं उडवलं हिनं माझ्या अंगावर. म्हातारी झाले पण असली बंडखोर पोरगी बघितली नाही."

मी रेवतीला खांद्यावर घेतलं. ती हुंदके देत देत माझ्या मानेत तोंड खुपसून गप्प झाली. ओट्यावरच्या बायकांकडं मी सरळ बघितलं आणि घरात आले.

मला वाटलं होतं, बाळ बघितल्यावर ते उठून जातील, किंवा हसतील. यातलं काही झालं नाही. मुलाच्या आई आधी बाळाकडं बघत राहिल्या, मग माझ्याकडं, मग परत बाळाकडं. माझ्या मानेशी बिलगून ती शांत झालेली. नाकाची ठेवण तीच, हनुवटी तीच.

"तुझ्याजवळ बरी राहते गं," त्या सावकाश म्हणाल्या.

मामांनी कप खाली ठेवला. "एकुलती एक मुलगी म्हणालात," ते आत्याला म्हणाले. "मग हे लेकरू शेजारी का लपवलं? आमच्या बघण्यातलं एक घर आहे. पोरीचं मूल आईनं आपलं म्हणून वाढवलं. त्यांनीही असंच लपवलं होतं."

आधी मला कळलंच नाही. मग कळलं. महिनोन् महिने मी लोक आईला काय म्हणतील म्हणून झिजत होते. लोक मला काय म्हणतील, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आणि ते म्हणायची सोय आम्हीच करून ठेवली होती. पाळणा होता तिथंच टांगलेला असता तर कुणाच्या मनाला हे शिवलं नसतं.

आत्या तोंड उघडून बसली होती.

आईनं ट्रे टेबलावर ठेवला. पदर सारखा केला नाही. माझ्याजवळ आली, रेवतीला घेतलं आणि आत न जाता खोलीच्या मधोमध, पाहुण्यांसमोरच्या लाकडी पेटीवर बसली. मांडी घातली, पदराखाली बाळ घेतलं. दोनच क्षणांत खोलीत घटाघटा दूध पिण्याचा आवाज यायला लागला. मामांनी मान वर केली आणि छताला टांगलेल्या कुंड्या बघायला लागले.

"बेचाळीस वर्षांची आहे मी," आई म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "ही माझी आहे. सरकारी दवाखान्यात झाली, तीन महिन्यांपूर्वी. त्याचा कागद आहे, पण तो मी दाखवणार नाही. तुम्हाला जे दिसतंय त्यावर विश्वास बसत नसेल तर कागदावर कशाला बसायला हवा? म्हातारपणी मूल झालं याची मला लाज वाटली नाही कधी. लाज आत्ता वाटली. ती तिकडं रडत होती आणि मी इथं चहा गाळत होते."

अण्णा उठून उभे राहिले. शाळेत गुरुजींनी उठवल्यासारखे.

"बाप मी आहे," ते म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "सांगायला उशीर झाला."

मला त्या क्षणी हसू आलं, आणि ते दाबता येईना म्हणून मी भांडी आवरायला लागले. मामा घसा साफ करत म्हणाले की त्यांचा तसा काही हेतू नव्हता. आई म्हणाली की होता, पण ते राहू द्या, चहा निवतोय.

त्यांनी चहा प्यायला. आमच्याकडं त्या काळी कोणी काही बोललं तरी चहा टाकून उठायची रीत नव्हती. सुहासच्या आईंनी बाळाचं वजन विचारलं. आईनं सांगितलं. मग त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत वळून आईशी हळू आवाजात बोलल्या. "बाळाचं काही नव्हतं हो. तुम्ही खोटं सांगितलंत, ते लागलं."

"खरं आहे," आई म्हणाली. तेवढं एकच वाक्य तिनं त्या दिवशी ऐकून घेतलं.

सुहास चप्पल घालताना माझ्याजवळ थांबला. दुपारभर तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. "नाव काय हिचं?" त्यानं विचारलं. मी रेवती सांगितलं. तो "छान आहे" म्हणाला आणि मामांच्या मागं निघून गेला. आठवड्यानं पोस्टकार्ड आलं, योग दिसत नाही म्हणून.

हौसाआत्या चारच्या गाडीनं गेली. पिशवी भरताना म्हणाली, "आता बसा दोघींना घरात घेऊन." आई म्हणाली की बसू, जागा आहे. आत्यानं पुढची चार वर्षं आमचा उंबरा ओलांडला नाही. कुंड्या मात्र आमच्याकडंच राहिल्या.

आत्या गेल्यावर अण्णांनी तोंड धुतलं, डेपोचा खाकी शर्ट घातला. त्यांची सुट्टी होती. त्यांनी रेवतीला टोपडं घातलं, उलटं, मग आईनं ते सरळ केलं. अण्णांनी तिला खांद्यावर घेतलं आणि मला म्हणाले, "वैजू, चल गं. तूही चल."

आम्ही गल्लीतून न जाता मुख्य पेठेतून गेलो. अजून चांगलं ऊन होतं, दुकानं उघडी होती. अण्णांनी वाटेत पेढ्यांचा पुडा घेतला. डेपोत वर्कशॉपमधली माणसं एका गाडीखालनं, दुसऱ्या गाडीच्या मागनं एकेक करत जमा झाली. फोरमननी पेढा तोंडात टाकत विचारलं, "नात का, दत्तोबा?"

"मुलगी," अण्णा म्हणाले. "धाकटी."

हे त्यांना नऊ-दहा वेळा सांगावं लागलं, आणि दर वेळी आवाज थोडा वर जायचा. शेवटी तर कंट्रोलच्या खिडकीतल्या माणसानं नुसतं बघितलं तरी अण्णा तिथून ओरडून सांगायला लागले. कुणीतरी हसलं. अण्णांनी त्याला दोन पेढे दिले. रेवती एवढ्या गोंगाटात, इंजिनांच्या धुरात, पहिल्यांदाच माझ्या दंडाशिवाय गाढ झोपली.

परत येताना पेठेत कॉलेजातली एक मैत्रीण भेटली, आईबरोबर. तिनं बाळाकडं बघितलं आणि ओठ दाबले. तिनं विचारायच्या आधीच मी म्हणाले, "माझी बहीण. तीन महिन्यांची आहे." दुसऱ्या दिवशी मी सगळी लंगोट-दुपटी बाहेरच्या दोरीवर वाळत घातली, घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

पुढं अडीच वर्षांनी माझं लग्न झालं, साताऱ्यात. बघायला आले तेव्हा रेवती पाहुण्यांच्या चपला एकेक करून मोरीत नेऊन टाकत होती. त्यांनी तिच्यासकट मला पसंत केलं.

अण्णा गेले, मग आईही गेली. मागच्या वर्षी रेवतीला मुलगा झाला, तिच्या छत्तिसाव्या वर्षी, आणि आई नाही म्हणून तिचं बाळंतपण मी केलं, माझ्या घरी. बाळाला बघायला येणाऱ्या प्रत्येक बाईला रेवती ही गोष्ट सांगायची. आईकडून शंभर वेळा ऐकलेली. तिच्या गोष्टीत हौसाआत्या दुष्ट होती, आणि मी म्हणजे अनवाणी धावत जाऊन तिला सोडवून आणणारी वीर. बायका माझ्याकडं कौतुकानं बघायच्या. मी डिंकाचे लाडू वाटायची.

एका दुपारी कुणी नव्हतं. ती बाळाला पाजत होती आणि मी त्याची दुपटी घडी घालत होते. मी म्हणाले, "तुला एक सांगायचंय. तुला शेजारी ठेवायचं आत्यानं नाही ठरवलं."

तिनं वर बघितलं.

आत्याच्या पत्रात एवढंच होतं, बाळाचं काय ते तुम्ही बघा. आई म्हणाली होती, बघायचं काय, पाळणा आहे तिथं राहील, विचारलं तर सांगू. ती कणीक मळत होती. मी दारात उभी राहून म्हणाले होते, "आई, रशिदाचाचीकडं ठेवू या ना तिला. दोन तासांचा तर प्रश्न आहे." आईचे हात थांबले. तिनं माझ्याकडं बघितलं. डॉक्टरीणबाईंना नाही म्हणालेली, आत्याला नाही म्हणालेली माझी आई मला मात्र म्हणाली, "बरं."

आणि त्या रविवारी, सगळ्यांसमोर, ही कुणाची कल्पना होती ते तिनं सांगितलं नाही. आत्यावर गेलं ते जाऊ दिलं. नंतरही कधी बोलली नाही, अगदी शेवटच्या आजारपणातही नाही. ट्रे धरून माझ्याकडं बघितलं होतं, तेवढंच.

हे सगळं मी रेवतीला सांगितलं. तिनं बाळाला उचलून खांद्यावर घेतलं, पाठ थोपटली. त्यानं ढेकर दिला.

"किती वेळ होते मी चाचीकडं?" तिनं विचारलं.

"पाहुणे आले तेव्हा तुला नेलं. पाऊण तास झाला असेल."

"आणि तू दोन तास म्हणाली होतीस."

"हो."

रेवतीनं हिशेब केल्यासारखं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. मग उठली आणि बाळ माझ्या मांडीवर ठेवलं.

"मग अजून सव्वा तास राहिलाय," ती म्हणाली. "धर याला. मी झोपते."